बॉबचं खरं नाव

मुलाकडे, विनयकडे, आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला आलेल्या सुनेत्राबाईंना शेजारचा म्हातारा बॉब म्हणूनच माहीत होता. उंच, किंचित वाकलेला, बोटांवर जुन्या जखमांचे पांढरे वण. चाळीस वर्षं त्यानं इथल्या कारखान्यात काचेवर नक्षी कोरली. कारखाना बंद पडला, मग बायको नोरा गेली. आता रोज सकाळी तो कुंपणापाशी बाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा.

एक दिवस तो हातात चिठ्ठी घेऊन आला. नोराच्या थडग्यावर त्याच्या नावासाठी जागा मोकळी ठेवली होती आणि काय कोरायचं ते पाथरवट विचारत होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, बॉब.

“हेच तुमचं पाळण्यातलं नाव?” बाईंनी विचारलं.

“नाही. मी मूळचा चेक, एकविसाव्या वर्षी इथं आलो. नाव बोहदन. इथं कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून बॉब झालो.”

“अर्थ काय त्याचा?”

“बोह म्हणजे देव. दन म्हणजे दिलेला. माझ्याआधी आईची तीन मुलं गेली होती.”

नवसाचा म्हणायचा, असं बाईंच्या मनात आलं आणि त्या थबकल्याच. नागपूरच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी संस्कृत शिकवलं होतं. बोह म्हणजे भगवानातला भग. दन म्हणजे दान.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, “हे शब्द एकाच घरचे. हजारो वर्षांपूर्वी घर पांगलं, काही तुमच्याकडे गेले, काही आमच्याकडे आले. आमच्यात भगदत्त असं जुनं नाव आहे. तुमचंच ते.”

“माझी आई चार बुकंही शिकली नव्हती,” म्हातारा म्हणाला. “माझं नाव एकदा म्हणून दाखवा.”

“बोहदन,” बाई म्हणाल्या. मधला ह अगदी स्वच्छ उमटला. त्यानं डोळे मिटून घेतले.

मग खिशातलं पेन काढून त्यानं चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहिलं. बॉब मात्र खोडलं नाही. “नाहीतर नोरा म्हणेल, हा कोण परका आला.”

बाई घरात येऊन ओट्यापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या. दा, देणे. हा धातू त्यांनी किती वर्गांकडून घोकून घेतला होता. आणि तिकडे कुठल्याशा बर्फाळ खेड्यात एक बाई, तीन लेकरं पुरून, चौथ्याला त्याच धातूनं हाक मारत होती.