होम्समधला कोणता मोहल्ला?

सप्टेंबरमधला सोमवार. काम साधं होतं: समीरचं स्टेटमेंट नव्यानं लिहून घ्यायचं. मी कॉव्हेंट्रीत इमिग्रेशन सॉलिसिटर आहे. स्टेटमेंट म्हणजे 'मला परत का पाठवू नये' हे अर्जदारानं स्वतःच्या शब्दांत सांगणं.

समीर सीरियाचा. हुकूमशहाच्या सैन्यातून पळाला आणि इथं आश्रय मागितला. निर्णय येण्याआधी हुकूमशहाच पडला.

"मग आता त्याला भीती कुणाची?" माझी बॉस हेलन म्हणाली. "नवं कारण नसेल तर केस संपली, सुजाता."

बोली जुळावी म्हणून मी मुद्दाम समीरच्याच शहरातला, होम्सचा दुभाष्या मागवला होता. आल्या आल्या दोघं हसून बोलले. मग समीर एकदम गप्प. माझ्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर: "सगळं ठीक आहे." सगळं ठीक असलेल्या माणसाला आश्रय मिळत नाही.

दुभाष्याला बाहेर नेलं. "काय विचारलंत त्याला?"

"काही नाही हो. गाववाला भेटला, म्हणून विचारलं, कोणता मोहल्ला?"

"मग?"

"म्हणाला, 'होम्स.' जसं काही अख्खं होम्स एकाच गल्लीत राहतं!"

मला नागपूरची शाळा आठवली. आडनावावरून अंदाज आला नाही की पुढचा प्रश्न यायचा: "गाव कोणतं? गावात घर कुठं?" आम्ही बौद्ध. असा प्रश्न कशासाठी असतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दुभाष्याला घरी पाठवलं आणि समीरला शाळेतला तो प्रश्न सोप्या इंग्रजीत सांगितला.

"तुमच्याकडेही मोहल्ला विचारतात?"

"आमची फार जुनी कला आहे ती."

तो हसला. मग म्हणाला, "मी अलावी."

अलावी हा हुकूमशहाचाच पंथ. ज्याच्या सैन्यातून समीर पळाला, त्याचीच माणसं म्हणून नव्या सत्तेच्या बंदूकधाऱ्यांनी समीरच्या दोन चुलतभावांना घरातून ओढून नेलं होतं.

"पूर्वी पंथ कुणी विचारत नव्हतं?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"विचारायला बंदी होती, मॅडम. माहीत सगळ्यांना होतं."

काही महिन्यांनी त्याला इथं राहायची परवानगी मिळाली. मी एवढंच शिकले की गाववाला दुभाष्या हवा का, हे आधी अर्जदाराला विचारावं.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समीरचं स्टेटमेंट लिहायला मी फोनवर इजिप्तची एक दुभाषी बाई घेतली होती. अरबी उत्तम, आणि होम्समधला एकही मोहल्ला तिला ठाऊक नव्हता.