समोरच्या घरचं स्थळ

सकाळी साडेआठच्या सुमारास मास्तर आमच्याकडे मागणी घालायला येत. आंघोळ झालेली, डोक्यावर टोपी, हातात छत्री; मग बाहेर कोरडं ठणठणीत का असेना. ते खुर्चीवर बसत, पाणी नको म्हणत आणि आईला विचारत, "समोर जे टेलर राहतात, त्यांचं कुठे जमलेलं आहे का?"

टेलर काकांचं घर देऊळघाटला आमच्या घरासमोरच आहे. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागे दोन खोल्या. मास्तर बदली होऊन इथल्या शाळेत आले तेव्हा त्यातली एक खोली त्यांनी भाड्याने घेतली. ते रिटायर झाले तरी खोली सोडली नाही. गल्लीत त्यांना भाडेकरू म्हणत. तीस वर्षं एका ताटात जेवणारा भाडेकरू दुसरीकडे कुठे असेल तर मला माहीत नाही, पण आमच्याकडे कुणी त्यावर बोललं नाही. टेलर काकाही बोलले नाहीत.

मग मास्तरांना विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग वार, मग ही तीस वर्षं. शाळेतल्या कविता राहिल्या, पाढे राहिले. टेलर काका मात्र रोज सकाळी नव्याने दिसायचे आणि रोज नव्याने आवडायचे. आता आवडलं म्हणून कुणी थेट जाऊन सांगतं का? मास्तर रीतीचा माणूस. ते मध्यस्थ शोधत. समोरचं घर आमचं, म्हणून मध्यस्थ आम्ही.

पहिल्या दिवशी आईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. बाबा बाथरूममध्ये गेले ते मास्तर जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. पुढे ती त्यांची सवयच झाली. दोन-तीन आठवड्यांत आई मात्र सरावली. "नाही जी, कुठीच जमलं नाही," ती भाकरी थापता थापता सांगायची, "मानूस चांगला हाय. हिले पाठवून विचारतो."

ती 'ही' म्हणजे मी. मी घरूनच लॅपटॉपवर एका कंपनीचं काम करते. शिक्षण सगळं बुलढाण्याच्या इंग्लिश मीडियम शाळेत झालं. तिथे मराठीत बोललं की शिक्षा असायची, म्हणून मी कुठल्याच भाषेत फारसं न बोलायला शिकले. निरोप्याच्या कामाला असं माणूस बरं पडतं. मी रस्ता ओलांडून जायची. टेलर काकांच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. टाचण्या काढून ते म्हणायचे, "सांग, पसंत हाय म्हणा." मी परत येऊन तेवढंच सांगायची. मास्तर टोपी सारखी करून घरी जायचे.

एकदा जूनमध्ये शाळेच्या ड्रेसची गर्दी होती. काका वैतागले होते. म्हणाले, "सांग, उद्या कळवतो म्हणा." मी तसं सांगितलं. मास्तर दिवसभर जेवले नाहीत. नकार असा सरळ कुणी देत नाही, घरी जाऊन कळवतो असंच म्हणतात, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यानंतर काकांनी उत्तर कधी बदललं नाही.

त्याच वर्षी आईने माझा बायोडाटा करायला घेतला. मास्तरांनी तो टेबलावर पाहिला आणि मुलाकडचाही कागद हवा म्हणून अडून बसले. मी टेलर काकांचा बायोडाटा टाइप केला. वय अडुसष्ट. उंचीच्या पुढे त्यांनी छाती, कंबर, खांदा आणि बाहीची लांबी सांगितली, कारण माणसाची माहिती म्हणजे माप. 'अपेक्षा' आली तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. मग म्हणाले, "लिही. न सांगता घराबाहेर जाऊ नये."

मास्तर जायचे. एकदा ते बुलढाण्याच्या स्टँडवर सापडले. कुणा भल्या माणसाने त्यांच्या खिशातल्या डायरीतला एक नंबर फिरवला. तो त्यांच्या पुण्याच्या पुतण्याचा निघाला. हा पुतण्या कैक वर्षांत आला नव्हता, पण वाईट नव्हता. फोनवर तो टेलर काकांशी नीट बोलला. म्हणाला, पुण्यात अशा लोकांसाठी चांगली सोय आहे, रविवारी येतो, घेऊन जातो, तुम्ही आजवर खूप केलंत. काका "हो, हो" म्हणत राहिले. पुतण्या रक्ताचा. काका कोण? मास्तरांना दाखवायला नेलं तेव्हा दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' अशी रेघ होती. ती मीच भरली होती. काय लिहू विचारल्यावर काका म्हणाले होते, "घरमालक." मी इंग्रजीत सुंदर अक्षरात तेच लिहिलं होतं.

आठवडाभर काकांनी गिऱ्हाइकांचं काम बाजूला ठेवून मास्तरांचे तीन पायजमे शिवले. पुण्यात नाडीची गाठ कोण मारून देईल म्हणून इलास्टिक घातलं.

रविवारी पुतण्या आणि त्याची बायको गाडीने आले. इस्त्रीचे कपडे, हातात मिठाईचा डबा. पुढच्या खोलीत खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. आईने आमच्याकडून पोहे केले आणि ट्रे माझ्या हातात दिला. मी खाली मान घालून आत शिरले, आणि त्याच वेळी मागच्या खोलीतून मास्तर टोपी घालून बाहेर आले.

त्यांनी खुर्च्या पाहिल्या. पाहुणे पाहिले. पोहे पाहिले. ट्रे घेतलेली मुलगी पाहिली. आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं.

ते समोरच्या खुर्चीवर ताठ बसले आणि कुणी न विचारता सांगू लागले. पेन्शन आहे. व्यसन नाही. स्वयंपाक थोडाफार येतो, वरण खाली लागतं कधीकधी. पुतण्या म्हणाला, "काका, मी तुमचा पुतण्या." मास्तरांनी मान डोलावली. टेलर काकांकडची मंडळी आहेत, एवढं त्यांना पुरलं. त्यांनी पाहुण्यांना शेती किती विचारली. पुतण्याच्या बायकोने फ्लॅट आहे म्हणून सांगितलं. मास्तरांनी तेही समजून घेतलं.

अर्धा तास गेला. गाडीत बसायचं नाव निघेना. मास्तर एकच विचारत होते, "तुमची पसंती काय ते इथेच सांगा. मागाहून कळवतो म्हणू नका." शेवटी बायको पुतण्याच्या कानात म्हणाली, "अहो, हो म्हणून टाका ना. म्हणजे खुशीत गाडीत बसतील."

"हो काका, पसंत आहे," पुतण्या म्हणाला. "चला आता."

असं कसं? मास्तरांनी चार माणसं बोलवायला लावली. गल्लीतले गिरणीवाले आले, अंगावर पीठ तसंच. आई आली. बाबांना बाथरूममधून काढलं. मला साखर आणायला पाठवलं. मास्तरांनी पुतण्याला सगळ्यांसमोर पुन्हा विचारलं आणि त्याने पुन्हा, जरा मोठ्याने, पसंत आहे म्हटलं. त्याच्या तोंडात साखर घातली गेली. गिरणीवाल्यांनी सवयीने हात जोडले.

मग पुतण्याने बॅग उचलली. तोवर भिंतीला टेकून उभे असलेले टेलर काका पुढे आले आणि त्यांनी बॅगेची दुसरी मूठ धरली.

"कुठी नेता त्याइले? सोयरिक झाली आता."

पुतण्या हसला. "अहो, ते त्यांची समजूत काढायला म्हटलं."

"मी हसून नाही राह्यलो," काका म्हणाले. "तुमी रक्ताचे. तुमी हो म्हटलं. दोनदा."

"पण तुम्ही त्यांचे कोण लागता? घरमालकच ना?"

काकांनी आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. "ज्याच्यासंगं तुमी आत्ता जमवलं," ते म्हणाले, "तो."

यावर बाबा बोलतील असं मला सात जन्मात वाटलं नसतं. ते म्हणाले, "शब्द देला जी तुमी. आमी साखर खाल्ली." गिरणीवाले म्हणाले, "मीबी खाल्ली."

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेली दिसतेस. तू तरी समजाव यांना."

माझ्या हातात अजून साखरेची वाटी होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, दोन भाषांत. मी म्हटलं, "उरलेली आहे अजून. देऊ?"

त्याने बॅग खाली ठेवली. बायकोशी बाहेर जाऊन बोलला. परत येऊन म्हणाला, सध्या राहू द्या, पण स्टँडवर सापडले असा फोन मला परत यायला नको. काका म्हणाले, दाराला घुंगरू लावतो. मग गाडी गेली.

मास्तर इतका वेळ खुर्चीवरच बसले होते. गाडीचा आवाज लांब गेल्यावर त्यांनी विचारलं, "कोण होते हो?"

"सोयरे," काका म्हणाले.

"कुणाकडचे?"

काका बॅग आत ठेवत म्हणाले, "आपले."

मास्तर उठून उभे राहिले. "सोयरे न जेवता गेले? आणि तुम्ही जाऊ दिले?" त्यांना खरोखर राग आला. काऊन चिडता, असं काका समजावत राहिले, पण मास्तर ऐकेनात. शेवटी काकांनी मला पुतण्याला फोन करायला सांगितलं. मला अनोळखी माणसाला फोन करायचा म्हणजे घाम फुटतो. तरी केला. ते दोघं बुलढाण्याला पोचून चहा पीत होते. मी म्हटलं, "तुम्हाला जेवायला परत बोलावलंय. न जेवता गेलात म्हणून मास्तर चिडलेत." पलीकडून बायकोचा आवाज आला, "भाजी कसली आहे?"

तास-दीड तासात ते दोघं जमिनीवर मांडी घालून बसले होते. काका भाकरी वाढत होते. मास्तर पुतण्याच्या शेजारी बसून त्याच्या ताटात जबरदस्तीने तूप ओतत होते आणि मधूनमधून त्याला विचारत होते, तुम्ही कुठल्या गावचे, आणि आमच्याकडे पहिल्यांदाच आलात का.