जहराच्या पलीकडे, कॅप्टनची साक्ष तपासायला

"घोड्यावर कधी बसला नाहीत आणि घोडदळावर पुस्तक लिहिताय!" असं सौ. म्हणते, ते खरं आहे. मी कॉलेजही पाहिलेलं नाही. इथे आखातात, शुऐबाच्या कारखान्यात प्रेशर गेज दुरुस्त करतो. पण जुन्या बाजारात मिळालेल्या जाड इंग्रजी पुस्तकातला तो अमेरिकन कॅप्टन मी डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ वाचलाय. सोळाव्या वर्षी नालबंद म्हणून भरती. यादवी युद्धात अंगावर तलवारीचे दोन वार. शिक्षण नसताना कॅप्टन, आणि मग वीस वर्षं त्याच हुद्द्यावर. शेवटी एका धुळीच्या वादळात बिगुल डावीकडून ऐकू आला म्हणून त्याने तुकडी डावीकडे नेली. बिगुलवाला उजवीकडे होता. नऊ जवान परतले नाहीत. चौकशीत कॅप्टन खोटारडा ठरला.

तो खोटं बोलला नव्हता, हे मला सिद्ध करायचं होतं.

म्हणून १९९९च्या मार्चमध्ये धुळीचा शुक्रवार बघून निघालो. मी राहतो त्या फहाहीलहून जहरा तासाभराचा रस्ता. तिथे दाऊदभाई भेटले. मूळचे रत्नागिरीचे, स्पेअर पार्टचं दुकान, पिकअप त्यांचीच. वाचणाऱ्यांपैकी कुणी तिकडे जाणार असाल तर जहराच्या बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथली रोटी, घ्या, पन्नास फिल्समध्ये दोघांचं भागतं. आणि डांबरी संपली की मेंढपाळांच्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. नव्वद-एक्क्याण्णवच्या लढाईतले सुरुंग अजून सापडतात.

"दर पाच मिनिटांनी एक लांब हॉर्न," मी बजावलं. "मधे अजिबात नाही."

"ह्या कॅप्टनाचा तुम्हाला पगार मिळतो काय ओ, साहेब?"

कंपास, वही, घड्याळ, पाण्याची बाटली घेऊन वाटेने चालू लागलो. शंभर पावलांत पिकअप दिसेनाशी झाली; आणखी थोडं पुढे जाऊन थांबलो. सगळं पिवळं, सूर्य ताटलीसारखा फिका. पहिले चार हॉर्न बरोबर पाठीमागून आले. पाचवा डावीकडून. जिंकलो! वहीत अंश टिपतोय तोच समोरून हॉर्न. घड्याळात दोनच मिनिटं झाली होती. मग पुन्हा समोरून, अधिक जवळ, कुणी बोलावल्यासारखा. खाली पाहिलं तर माझा एक पाय वाटेबाहेर होता. केव्हा टाकला, आठवेना.

कंपास धरून मागे फिरलो. वाटेत एक हॉर्न पिकअपच्या बाजूने आला.

"किती वाजवलेत?"

"सहा. रेघा मोजा." डॅशबोर्डवर खडूच्या सहा रेघा.

"मी आठ ऐकले."

दाऊदभाई हसले. "मधले दोन तुमचेच ना? मी म्हटलं, साहेबांनी भोंगा लपवून नेला."

मी रिकामे हात दाखवले. त्यांनी हळूच काच वर घेतली. "बसा. खुबूस घरी खाऊ."

परतताना वाटेवरच्या एका मेंढपाळाला विचारलं, दुसरी गाडी आली होती का? "सुबह से बस आपकी," तो म्हणाला.

इथे एक कबुली देतो. कॅप्टनला खोटारडा ठरवायला आणखी एक कारण होतं. बिगुलवाल्याने शपथेवर सांगितलं की तीनदा वाजवला; कॅप्टन म्हणत राहिला, पाचदा ऐकला. ही ओळ माझ्या हस्तलिखितात नव्हती. बारीकसारीक तपशिलाचा एवढा अभिमान असलेल्या मी ती गाळली होती, त्याची बाजू पडू नये म्हणून.

शनिवारी ड्युटीआधी ती ओळ जशीच्या तशी घातली. खाली माझ्या वहीतले आठही हॉर्न, वेळेसकट. त्याची बाजू लंगडी झाली, हे मला दिसतं. कुणीही वाचणारा आता आम्हा दोघांना हसेल. पण त्याच्या वतीने एकही आकडा मी पुन्हा गाळलेला नाही.