चौथा सुरुंग

पेन्शनीत आल्यावर माझं शेवटचं पोस्टिंग म्हणजे नाईक दत्ताराम घाडीची विहीर. कुणकेश्वरच्या वरच्या अंगाला, काळ्या कातळात. मी सुभेदार, तो माझ्याच कंपनीतला. दोघेही सॅपर. सतरा वर्षं एकत्र सुरुंग लावले. इथेही परवाना माझ्या नावावर, त्यामुळे हुकूम माझाच.

पस्तीस फुटांवर फत्तर लागला. दत्ता पहार टेकवून म्हणाला, "साब, शाळेत मास्तर सांगत, ह्यो सगळो ज्वालामुखीचो रस. थिजान दगड झालो."

"मगे?"

"मगे काय, ज्वालामुखी पण आपल्यासारखोच पेन्शनीत."

सिव्हिलियन माणसाला आमचा एक नियम सांगतो. जितकी भोकं भरली, तितके आवाज मोजायचे. एक जरी कमी आला तर अर्धा तास कोणीही खाली उतरायचं नाही, कारण वात आतल्या आत धुमसत असते. सर्व्हिसमध्ये हा नियम मी कधी मोडला नाही. त्या दिवशीही मोडला नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

सकाळी १०:४० ला चार वाती पेटवून आडोशाला गेलो. एक. दोन. तीन. मग घुमल्यासारखा आवाज झाला आणि पायाखालची जमीन सरकली.

"चार," मी म्हणालो.

दत्ताने विहिरीकडे पाहिलं. "चवथो जरा लांबलो, साब. वायच थांबूया?"

"चार म्हणजे चार. धूर गेलो की उतर."

"जी साब."

१०:५२ ला तो शिडीवरून खाली गेला. तेवढ्यात त्याची बायको सुलभा घराकडून चढण चढून धापा टाकत आली.

"भावजी, ह्यो कसलो सुरुंग! मांडणीवरची भांडी पडली, गोठ्याची भिंत तडकली!"

मी हसलो. चक्क हसलो. मग खिशातला फोन वाजला. कसालहून माझी मुलगी होती.

"बाबा, भूकंप झालो! हंय सगळी रस्त्यार इली. तुमका जाणवलो?"

"कधी?"

"धा मिनटां झाली. कधीपासून फोन लावतंय, लागाक नाय."

कसाल इथून गाडीने दीड तासावर. आमच्या विहिरीतल्या सुरुंगाने कसाल हलत नाही. चौथा धक्का आमचा नव्हता.

काठाकडे धावलो. "दत्ता, तीनच उडाले! तीनच! वर ये!"

"येतंय, साब."

शिडी हलली. पाच-सहा पायऱ्या चढला असेल. तेव्हा १०:५५ झाले होते.

मी उताणा पडलो होतो, अंगावर दगडाची भुकटी. सुलभा रडली नाही, ओरडली नाही. विहिरीतून धूर येत होता आणि ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "भावजी, ह्यो पण भूकंपच ना?"

युनिटच्या स्मारकावर दत्ताचं नाव नाही. ते ड्युटीवर गेलेल्यांसाठी असतं. तेराव्याला गाववाले माझी समजूत घालत होते, "धरणीपुढे कोणाचा काय चलता, सुभेदारानू."

मी उभा राहिलो. म्हणालो, "थांबूया असा दत्तान सांगितलेला. उतर असा मी सांगितलंय."

सुलभा दारात बसली होती. तिने ऐकलं आणि उठून आत गेली.

नाईक दत्ताराम घाडी. मनात शंका होती, तरी त्याने हुकूम पाळला.