दिवा वाढव

माझ्या सासऱ्यांच्या तोंडून 'बंद' हा शब्द निघत नाही. जन्मभर त्यांनी खिळे, बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे विकले, पण दुकान एकदाही बंद केलं नाही. रोज वाढवलं. आमच्या घरात काच फुटत नाही, वाढते. डबा रिकामा होत नाही, भरायला होतो. दारातून निघताना कुणी 'जातो' म्हणालं की दंडाला धरून परत आत आणतात आणि 'येतो म्हण' म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला याची मजा वाटायची. आता डोकं फिरतं.

परसात त्यांचं एक सिमेंटचं तळं आहे. सासूबाईंनी आणि त्यांनी मिळून बांधलेलं. त्यात केशरी-पांढरे मासे, आणि सगळ्यांत थोराड होती ती मोठीबाई. हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. हात पाण्यात घातला की ती येऊन बोटांतून दाणे उचलायची आणि बाकीच्यांना अंगाने ढकलून द्यायची. सासूबाई गेल्यावर सासरे रोज सकाळी तळ्याच्या काठावर जाऊन बसू लागले. काहीतरी पुटपुटायचे. आम्हाला वाटायचं, म्हातारपण आहे, चालायचंच.

पूर्वी उन्हाने त्या तळ्याचं पाणी हिरवंगार व्हायचं, मासे आहेत की नाहीत तेही कळायचं नाही. मग त्यांनी अतिनील किरणांचा दिवा बसवला. एक काळी बंद नळी, तिच्या आत काचेच्या आवरणात दिवा. पंप तळ्याचं पाणी त्या नळीतून फिरवतो आणि पाण्यात तरंगणारं शेवाळ, जंतू त्या उजेडात मरतात. त्या दिव्याची त्यांनी जेवढी बडदास्त ठेवली तेवढी माझीही कुणी ठेवली नसेल. काचेवर क्षार बसले की पुसायचे. दिवा निळा दिसत असला तरी वर्षाने बदलायचेच, कारण दिसायला पेटलेला असतो आणि आतून दम गेलेला असतो. पेटलेल्या दिव्याकडे कुणी उघड्या डोळ्यांनी बघितलं तर आकाशपाताळ एक करायचे.

आता माझ्या नवऱ्याबद्दल. तो गाड्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे. त्याच्या लेखी जे मोठं ते चांगलं. टीव्ही मोठा, फ्रीज मोठा, आवाजही मोठा. कान तेवढे लहान.

सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नणंदेने त्यांना आपल्या घरी नेलं. तळ्याजवळ जायचं नाही, डोळ्यात पाणी उडता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासरे तिकडे गेले आणि मोठीबाईच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठले. ती काठाच्या दगडाला अंग घासायला लागली. मी घाबरून फोन केला.

"माझ्या कपाटात निळ्या औषधाची बाटली आहे," सासरे म्हणाले. "झाकणावर माप आहे, तेवढंच घाल. आणि त्याला फोन दे, दिव्याचं त्याला सांगतो."

मी नवऱ्याला फोन दिला आणि बाटली शोधायला गेले. मागून त्याचं एवढंच ऐकू आलं, "हो बाबा. हो. करतो."

औषध घातलं, पाणी निळं झालं. संध्याकाळी नवरा खोकं घेऊन आला आणि नळी उघडून आत नवा दिवा बसवला. आधीच्या दुप्पट ताकदीचा. घाम पुसत मला म्हणाला, "बाबांनीच सांगितलं." बाबांनीच सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलणार? त्या तळ्यातलं मला काय कळतं?

त्यानंतर रोज फोन यायचा.

"दिवा वाढवलास ना रे?"

"वाढवला, बाबा."

"नक्की?"

"अहो, चांगला वाढवलाय!"

दोघेही खूश. पाण्याचा निळा रंग भराभर उडत गेला, तर नवरा म्हणतो, "बघ, कसं आरशासारखं झालं. याला म्हणतात दिवा." पाणी आरशासारखं होत होतं आणि मोठीबाईचे ठिपके वाढत होते. मी म्हटलं, पुन्हा बाबांना विचार. तो म्हणाला, "कशाला त्यांच्या डोळ्यांना ताप? औषधाला वेळ लागतो." अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस!

सासरे काळा चष्मा लावून परत आले ते चपला न काढता थेट परसात गेले. मोठीबाई कुशीवर तरंगत होती. कल्ला एकदा हलला, मग पुन्हा हललाच नाही. त्यांनी आधी पाण्याकडे पाहिलं, मग नळीकडे. नळीच्या टोकाशी निळा उजेड झिरपत होता.

"दिवा चालू आहे," ते म्हणाले. "मी वाढव म्हटलं होतं."

"मग? वाढवला की! डबल पॉवरचा टाकलाय."

सासरे मटकन काठावर बसले. "अरे, तो उजेड औषध खातो. औषध असेपर्यंत दिवा वाढवायचा असतो. म्हणजे... दुकान वाढवतात तसा."

माझ्या लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याच्याही लक्षात आलं. आणि त्याने काय करावं? तो हसला. "काय बाबा तुम्ही पण! सरळ 'बंद कर' म्हणायला काय झालं होतं? तुमच्या बोलण्याने मेला मासा."

चोराच्या उलट्या बोंबा! "लाज वाटते का?" मी ओरडले. "याच घरात वाढलास ना? रोज दुकान वाढवलेलं ऐकलंस ना? दुप्पट दिवा आणण्याआधी एकदा विचारलं असतंस तर जीभ झडली असती?"

"तू मध्ये पडू नकोस. माणसाने सरळ बोलावं, एवढंच म्हणतोय मी."

सासऱ्यांनी चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लालभडक होता. आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता.

"सरळ ऐकायचंय? ऐक. तुझी आई मेली. गेली नाही, देवाघरी नाही, मेली. तेव्हापासून या घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. मी सकाळी उठून हिच्याशी बोलायचो. तुझ्या आईच्या हातचं खाल्लेली ही एवढीच उरली होती. तीही मेली. झालं सरळ?"

नवऱ्याचं हसणं पार उतरलं, बरंच झालं. पण मला सासऱ्यांचाही राग आला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं मनात ठेवून बसले होते.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी त्यांच्यावरही ओरडले. "मी दिवसभर घरात असते ना? मला हाक मारायला काय झालं होतं?"

"मारायचो," ते म्हणाले. "तू म्हणायचीस, आलेच."