आदिलाबादचं तापलेलं कार्ड

"दादा, तू शनिवारी येऊन राह्यला ना? मंग नागपूरच्या गोदामातून माझं एक खोकं घेऊन ये." मावसबहीण अर्चनाच्या या फोनवर माझी आदिलाबादची सहल पक्की झाली. ती तिथं एका इंटरनेट कंपनीचं जिल्हा केंद्र सांभाळते. खोक्यात मोठ्या राउटरचं कार्ड होतं. आधीची दोन तिनं 'तापतात' म्हणून परत पाठवली होती. तपासणीत दोन्ही ठणठणीत निघाली. लावलेलं तिसरंही तापत होतं. आता हे चौथंही तापलं, तर ऑफिस तिचं ऐकणार नव्हतं.

नागपूरहून सहाला निघालात तर पांढरकवड्याला नाश्ता होतो आणि पैनगंगेचा पूल ओलांडून दहापर्यंत आदिलाबाद येतं. रस्ता झकास, टोलनाके भरपूर. गावाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, हवेत तंतू उडत होते. केंद्र मार्केट यार्डासमोरच.

"काऊन रे, इतका उशीर? खोकं आदळलं नाही ना?" अर्चनानं आधी खोक्याची चौकशी केली, माझी नंतर.

राउटर म्हणजे घरातली अँटेनावाली डबी, एवढंच मला माहीत. हा कपाटाएवढा होता! पुढं उभ्या खाचांत कार्डं, मागं त्यांना एकमेकांशी जोडणारी आणखी कार्डं. मेंदूही दोन, एक बंद पडला की दुसरा काम उचलतो. पंखे समोरच्या जाळीतून गार हवा ओढून मागं गरम फेकतात.

"कापसाचा सीझन लागला तवापासून कार्ड तापून राह्यलं. तंतू अडकतात म्हणून जाळी रोज धुते मी."

तिनं इंटरनेटची वाहतूक शेजारच्या कार्डावर वळवली, अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधून जुनं कार्ड ओढलं, नवं सरकवलं. राउटर चालूच. अर्ध्या तासात पडद्यावरचा तापमानाचा आकडा पुन्हा चढला. अर्चनानं जाळी काढून पाहिली, तर स्वच्छ.

तेवढ्यात वॉचमन लक्ष्मणअण्णा चहा घेऊन आले. ट्रे लांबट, अरुंद, दोन्ही टोकांना स्क्रू. अर्चना बघतच राहिली.

"अण्णा, ये किधर से लाए?"

"आपके टेबल के नीचे पडा था मॅडम. मजबूत है, इसलिए रख लिया."

तिनं कप खाली ठेवले, ट्रे ओढणीनं पुसला आणि केबलींचा जुडगा बाजूला केला. तापणाऱ्या कार्डाशेजारची खाच रिकामी होती. तिथलं कार्ड सीझनच्या तोंडावर मंचेरियलच्या केंद्राला गेलेलं. अण्णांचा ट्रे म्हणजे त्या रिकाम्या खाचेचं झाकण, ते तिथं बसायला हवं होतं. उघड्या खाचेतून हवा सरळ निघून जायची, शेजारचं कार्ड गुदमरायचं.

"कापसाला फुकट शिव्या घातल्या मी!"

झाकण बसलं, आकडा उतरला. मग जुनं कार्ड लावलं. तेही गार.

बसस्टँडमागच्या खाणावळीत ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी जरूर खा. थाळी दीडशेत होते. अर्चना जेवता जेवता ऑफिसला लिहीत होती: कार्डात दोष नव्हता, खाच मी उघडी ठेवली.

"'मी' लिहायलाच पाहिजे?" मी विचारलं.

"मंग कोणाचं नाव लिहू, अण्णाचं?"

रविवारी कुंटाला धबधबा पाहिला. पाणी बेताचं, पायऱ्या भरपूर. पाण्याची बाटली जवळ ठेवा.

नवं कार्ड लागलंच नाही, म्हणून खोकं माझ्यासोबतच नागपूरला परतलं. गाडीतून उतरवताना ते मला जाताना होतं त्याहून हलकं वाटलं. आठवड्यानं अर्चनानं कळवलं की ऑफिसनं सगळ्या केंद्रांना रिकाम्या खाचा तपासायला सांगितलंय, आणि तिला कोणी रागावलं नाही. मी अण्णांसाठी इथून स्टीलचा ट्रे पाठवला होता.

"पोचला," ती म्हणाली. "पण अण्णा म्हणून राह्यले, जुना मजबूत होता."