निळा भोपळा
अ‍ॅक्रिलिक रंगाचा वास आला की अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या भाड्याच्या घरातला एक ऑक्टोबर आठवतो. नवऱ्याच्या ऑफिसात लेऑफ चालू होते. त्या सकाळी त्याला अचानक मीटिंगला बोलावलं आणि तो दार लावून लॅपटॉपसमोर बसला. मुलीला हॅलोविनचा भोपळा कोरायचा होता. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी सुरी काढून घेतली. “अख्खा भोपळा बायकांनी आधी चिरायचा नसतो गं. त्याला येऊ दे.” “देन लेट्स पेंट इट, आजी!” मुलगी म्हणाली. आम्ही निळा रंग दिला. दार उघडेना, म्हणून पहिला हात वाळायच्या आत मी दुसरा दिला, मग तिसरा. शेवटी तो बाहेर आला. “नोकरी गेली. व्हिसाच्या नियमाने साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, तर भारतात परत जायचं.” सासूबाईंनी सुरीच पुढे केली. “नको आई,” तो म्हणाला, “कोरलेला आठवड्यात सडतो. हा दोन महिने टिकेल.” त्यानंतर मी रोज तो भोपळा बुडाशी बोटाने दाबून पाहत होते. तो मऊ पडायच्या आधी नोकरी मिळाली. अजूनही ऑक्टोबरात घरात शिरताना माझं बोट आधी दारातल्या भोपळ्याच्या बुडाशी जातं.